थेंबांची नावं छापण्याआधी तपासण्या छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत लघवीची धार कमी होण्यावर होमिओपॅथीत 'खात्रीशीर उपाय' असल्याचं सांगणारा अर्धं पान मजकूर आला. त्यात औषधांची नावं आहेत, प्रत्येकापुढे थेंबांची संख्या आहे, 'ऑपरेशन टळते' हे वाक्य जाड ठशात आहे आणि तळाला एका क्लिनिकचा मोबाइल नंबर आहे. मी होमिओपॅथिक औषधांचा किरकोळ विक्रेता. सांगलीत वडिलांच्या वेळेपासून आमचं दुकान आहे. त्या मजकुरानं माझा धंदा वाढला. सोमवारी शटर वर करायच्या आधीच गिऱ्हाइकं कात्रण घेऊन उभी होती आणि आठवडा संपायच्या आत साबाल सेरुलाटा क्यू या धारेवर खपणाऱ्या औषधाच्या बाटल्या संपल्या. तरीही हे पत्र तक्रारीचं आहे.

या दुखण्याचं गिऱ्हाईक ओळखायला मला वेळ लागत नाही. काउंटरवर बाईमाणूस उभं असलं की तो आधी नक्स व्होमिका मागतो, सर्दीच्या गोळ्या मागतो, भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतो. बाई गेली की पुढं वाकून हळूच म्हणतो, 'जरा लघवी साफ होईना झालीय.' पुष्कळदा तर स्वतः येतच नाही, बायकोला पाठवतो. आणि खरं सांगायचं तर तीच नीट माहिती देते. रात्री किती वेळा दिवा लागतो, मोरीत किती वेळ उभं राहावं लागतं, कपडे ओले होतील म्हणून लग्नकार्य कसं टाळलं जातं, सगळं तिला पाठ असतं. त्यांना विचारावं तर 'वय झालं' यापलीकडे शब्द फुटत नाही. कात्रणातला उपाय गोड लागतो तो या लाजेपोटी. डॉक्टरपुढं कपडे काढायला नकोत, गुदद्वारातून बोटानं तपासणी नको, नळी नको. तीस मिलीची बाटली घ्यायची आणि अर्धा कप पाण्यात थेंब टाकायचे, काम झालं.

मला राग आहे तो एका गोष्टीचा. धार कमी होणं हा रोगच आहे, असं धरून तो मजकूर लिहिलेला आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मी पाइपलाइनचं उदाहरण देतो. उसाच्या टोकाला पाणी कमी पडायला लागलं तर पाइप कुठं दबलाय, आत काही अडकलंय, का मोटारच ओढेना झालीय, हे बघितल्याशिवाय कुणी सामान आणायला बाजारात जात नाही. मूत्राशयाचा स्नायू ही मोटार. ती आणि तिच्यापुढची नळी यांतलं नेमकं काय बिघडलंय ते धारेकडं नुसतं बघून डॉक्टरलासुद्धा सांगता येत नाही, मग अर्ध्या पानाला कसं सांगता येणार?

पन्नाशीनंतर पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारं कारण प्रोस्टेटचं, हे खरंच. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेभोवती बसलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण वीस ग्रॅमची असते आणि वयाबरोबर वाढत जाते. पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्या बहुतेकांत ही साधी, कर्करोग नसलेली वाढ सूक्ष्मदर्शकाखाली सापडते. पण ग्रंथी मोठी म्हणजे अडथळा मोठा असा हिशेब नाही. सोनोग्राफीत मोठी ग्रंथी दिसूनही मजेत लघवी करणारे लोक मी ओळखतो, आणि थोड्याशा वाढीनं रात्र रात्र जागणारेही. त्यामुळं 'ग्रंथी ४५ ग्रॅमची निघाली, ३० ग्रॅमवर आणणारं औषध द्या' असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, त्रास किती आहे ते सांगा.

बाकीची कारणं त्या मजकुरात आलीच नाहीत. कात्रण घेऊन आलेल्यांत एक तिशीचा मुलगाही होता. ट्रॉलीवरून पडून त्याचं कमरेचं हाड मोडलेलं, दवाखान्यात बरेच दिवस नळी होती. अशा मारानं, नळीनं, किंवा जुन्या परम्यानं (गनोरियानं) मूत्रनलिकेला आतून वण पडतो आणि ती अरुंद होते. त्याची धार बारीक, कधी दोन फाट्यांची. तो वण कुठल्याही थेंबानं विरघळत नाही. ती जागा रुंद करून घ्यावी लागते किंवा ऑपरेशननं दुरुस्त करावी लागते. तिशीच्या माणसाला प्रोस्टेटचे थेंब देणं म्हणजे त्याचं वर्ष वाया घालवणं. त्याला मी बाटली दिली नाही. तो रागावून गेला, दुसरीकडून घेतली असेल.

साखरेच्या पेशंटचं आणखी वेगळं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की मूत्राशयाच्या नसा बोथट होतात, भरल्याची जाणीव उशिरा होते आणि स्नायूचा जोर जातो. इथं पुढं अडथळा नसतोच, मोटारच थकलेली असते. मूत्राशयात खडा असला तर चालू धार मध्येच तुटते, जरा हलल्यावर किंवा आडवं झाल्यावर परत सुटते. बद्धकोष्ठानंही लघवी अडते. आणि बायकांना हा त्रास होत नाही असं समजू नका. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या बाईला हातानं आत सारल्याशिवाय लघवी होत नाही, हे ती सुनेलाही सांगत नाही, मला काय सांगणार. सून आली की मी तिला सांगतो, डॉक्टरीणबाईकडं न्या.

एक कारण तर आमच्या दुकानासमोरच्या मेडिकलमध्ये पट्टीनं विकलं जातं. सर्दीच्या साध्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन अशी जोडी असते. पहिल्यानं मूत्राशयाचा जोर कमी होतो, दुसऱ्यानं त्याच्या तोंडाचा स्नायू आवळतो. प्रोस्टेट आधीच वाढलेल्या माणसानं थंडीत अशी गोळी घेतली की रात्री लघवी पूर्ण अडून बसण्याचा धोका असतो. नसांच्या दुखण्यावर किंवा झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या ॲमिट्रिप्टिलिननंही तसंच होऊ शकतं. म्हणून मी पहिला प्रश्न हाच करतो की सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, पिशवी आणा. कधी कधी उत्तर त्या पिशवीतच असतं आणि ते डॉक्टरला दाखवलं की काम भागतं. मनानं मात्र कुठली गोळी बंद करायची नाही.

आता आमच्या औषधांबद्दल. आपल्या मजकुरात 'कोनियम: धार थांबून थांबून', 'क्लेमॅटिस: धार बारीक', 'पॅरेरा ब्रावा: जोर करावा लागतो' असं प्रत्येक औषधापुढं एकच लक्षण मांडलं आहे. होमिओपॅथी मानणाऱ्यानंसुद्धा यावर हरकत घ्यायला हवी. हानेमान यांनी १८१० मध्ये जी पद्धत ग्रंथरूपानं मांडली तिचा पायाच असा की औषध एकट्या लक्षणाला किंवा रोगाच्या नावाला नसतं, समोरच्या माणसाला असतं. त्याची प्रकृती, झोप, तहान, स्वभाव, सगळं विचारून एक औषध काढायचं. आमच्या गावात जुने डॉक्टर अजून तासभर प्रश्न विचारतात आणि कागदावर एकच ओळ लिहितात. ते बरोबर का चूक हा वाद वेगळा. पण पुरवणीतला तक्ता हा धड तोही नाही. ती औषधाची यादी आहे, आणि यादी करायची तर माझ्या दुकानाचा कॅटलॉग जास्त मोठा आहे.

यातलं पॅरेरा ब्रावाचं वर्णन जुन्या मटेरिया मेडिकात, म्हणजे औषधांच्या लक्षणांच्या ग्रंथात, कसं आहे ते वाचकांना सांगायला हवं होतं. माणूस गुडघ्यांवर बसतो, डोकं जमिनीला टेकवून दाबतो, तेव्हा कुठं लघवी होते. चिमाफिला या दुसऱ्या औषधाचं असं की पाय फाकवून, पुढं वाकून उभं राहिल्याशिवाय होत नाही, आणि बसलं तर खाली चेंडू ठेवल्यासारखं वाटतं. ही वर्णनं लिहिली गेली एकोणिसाव्या शतकात. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, भूल नुकती आलेली होती, आणि लघवी अडलेल्या म्हाताऱ्याला नळी घालणं हाच मुख्य दुसरा मार्ग होता. त्या डॉक्टरांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते फार बारकाईनं टिपलं, मला ती पानं वाचताना आजही नवल वाटतं. पण जमिनीला डोकं टेकवून लघवी करणारा माणूस आज माझ्या दुकानात आला तर त्याला पॅरेराची बाटली द्यायची नसते, रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं असतं. औषधाचं लक्षण म्हणून जे छापलं जातंय, ते आज तातडीचं लक्षण आहे.

परिणामाचं विचाराल तर साबाल सेरुलाटापासूनच बघू, कारण सगळ्यात जास्त तेच खपतं. फ्लोरिडाकडं उगवणाऱ्या ताडाच्या जातीच्या झुडपाची ही फळं, इंग्रजीत सॉ पाल्मेटो. मदर टिंक्चर म्हणजे क्यूमध्ये वनस्पतीचा अर्क खरोखर असतो, म्हणून लोकांना वाटतं की निदान हे तरी लागू पडेल. याच फळाच्या अर्काच्या कॅप्सुलवर अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्यात २२५ पुरुषांनी वर्षभर रोज ३२० मिलिग्रॅम अर्क किंवा तशीच दिसणारी खोटी कॅप्सुल घेतली. २०११ च्या दुसऱ्यात ३६९ पुरुषांना डोस वाढवत वाढवत तिप्पट, म्हणजे ९६० मिलिग्रॅमपर्यंत दिला. दोन्हींत खऱ्या आणि खोट्या कॅप्सुलमध्ये फरक निघाला नाही. अर्धा कप पाण्यात पडणाऱ्या दहा-पंधरा थेंबांतून जाणारा अर्क याच्या मानानं अगदीच थोडा.

पोटेन्सीतल्या औषधांत तर तेवढाही नसतो. ३० नंबर म्हणजे शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या पायरीच्या पुढं मूळ द्रव्याचा एखादा कण उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. हे मी गुपित फोडत नाही, ज्याला गणित येतं त्यानं करून बघावं. मूळ द्रव्य उरत नसलं तरी गुण येतो असं मानणाऱ्यांनी तो गुण चाचणीत दाखवायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याच आजारात मिळाला नाही. आपल्या लेखकाला हे पटत नसेल तर त्यानं तसं लिहावं, कारणं द्यावीत. 'खात्रीशीर' हा शब्द मात्र काढावा.

लोक विचारतात, मग आमच्या शेजाऱ्याला बरं वाटलं ते कसं? वाटलं असेल, मी नाकारत नाही. या दुखण्याची चालच वरखाली होणारी आहे. थंडीत वाढतं, उन्हाळ्यात कमी होतं. माणूस दुकानात येतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, पुढचा आठवडा तसाही जरा बरा जाणार असतो. शिवाय औषध चालू केलं की पथ्यही चालू होतं. रात्रीचा चहा बंद, झोपण्याआधी तांब्याभर पाणी पिणं बंद, दारू बंद. त्यानंच रात्रीचं उठणं कमी होतं आणि श्रेय बाटलीला जातं. खोट्या गोळ्यांच्या गटातसुद्धा बऱ्याच लोकांना आराम पडतो, म्हणून तर असे अभ्यास खोट्या गोळीशी ताडून करतात.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. बरं वाटलं, तीस मिलीच्या बाटलीचे पैसे गेले, विषय संपला. पण आमच्या गल्लीत जे घडलं ते बघा. साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क असलेले एक निवृत्त गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढं. ऑनलाइन मागवून थेंब घ्यायचे. संध्याकाळी कट्ट्यावर भेटले की सांगायचे, 'आता अडून राहत नाही बघा, सारखी होते.' आम्हाला वाटायचं, चला, बरं झालं. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. ते वयावर गेलं. मग भूक गेली, पाय सुजले, दिवसभर झोप यायला लागली. मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना मिरजेला घेऊन गेला. लघवी करून आल्यानंतर सोनोग्राफी केली तर मूत्राशयात लिटरच्या वर लघवी तशीच. दोन्ही किडन्या फुगलेल्या, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन सहाच्या पुढं. 'सारखी होते' म्हणजे भरलेलं मूत्राशय वरून सांडत होतं.

आणि या सगळ्यात त्यांना एक दिवसही दुखलं नाही. लोकांना अचानक लघवी अडलेली माहीत असते. त्यात माणूस तळमळतो, ओरडतो, रात्री दोन वाजता का होईना दवाखाना गाठतो. हळूहळू तुंबत जाणारी लघवी मात्र दुखत नाही. मूत्राशय महिनोन्महिने ताणत जातं, मागचा दाब किडनीवर चढतो, आणि पेशंटला वाटतं आपण बरे होतोय. त्यांना नळी घातल्यावर क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्ण जाग्यावर आलं नाही. आता ते पथ्याचं जेवण जेवतात आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासून घेतात. थेंबांनी त्यांची किडनी बिघडवली असं मी म्हणणार नाही. थेंबांमध्ये बिघडवण्याइतकंही काही नव्हतं. पण ज्या काळात एक सोनोग्राफी व्हायला हवी होती तो काळ त्या थेंबांत गेला.

दुसऱ्या बाजूला ज्या औषधांना आपल्या मजकुरात 'साइड इफेक्टवाली' म्हणून एका ओळीत मोडीत काढलंय, त्यांचं काम मोजलेलं आहे. टॅमसुलोसिनसारखी गोळी मूत्राशयाच्या तोंडाचा आणि ग्रंथीतला स्नायू सैल करते, फरक काही दिवसांत कळतो. फिनास्टेराइडनं ग्रंथी हळूहळू आक्रसते, त्याला सहा महिने द्यावे लागतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या अभ्यासात खोटी गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के लोकांची लघवी अचानक अडली, फिनास्टेराइड घेणाऱ्यांत ३ टक्के. साइड इफेक्ट आहेतच. टॅमसुलोसिननं एकदम उठल्यावर चक्कर येते, वीर्य बाहेर न येता मागं जातं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगावं लागतं, कारण तिच्यामुळं ऑपरेशनात बाहुली नीट उघडी न राहण्याचा धोका असतो. फिनास्टेराइडनं पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीच्या वेळी तेही सांगायचं. हे सगळं छापा ना, माझी हरकत नाही. पण 'साइड इफेक्ट' एवढे दोन शब्द वाचून चालू गोळी परस्पर बंद केलेले लोक माझ्या काउंटरवर आले आहेत. त्यांना मी पहिल्यांदा गोळी चालू करायला सांगतो.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण मला माझ्या लायसन्ससाठी तो वाचावा लागतो आणि आपल्या जाहिरात विभागानंही वाचायला हरकत नाही. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात रोगांची यादी आहे आणि त्या रोगांवर अमुक औषध घ्या असं सुचवणारी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कुणी भाग घ्यायचा नाही, असं तो सांगतो. त्या यादीत प्रोस्टेट ग्रंथीचे विकार आहेत, मूत्राशयातले खडेही आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. औषधाची नावं, थेंबांची संख्या, 'ऑपरेशन टळते' आणि खाली फोन नंबर, एवढं सगळं असलेल्या मजकुराला लेख म्हणायचं का जाहिरात, ते आपण ठरवा. औषध निरीक्षक माझ्या दुकानात आला तर बाटलीवरचा बॅच नंबरसुद्धा तपासतो. तीस मिलीपेक्षा मोठी, जास्त अल्कोहोलवाली बाटली मला गिऱ्हाइकाला विकता येत नाही, मग अर्ध्या पानाला काहीच नियम नाही का?

कुणी म्हणेल, हा होमिओपॅथीवर पोट भरून होमिओपॅथीच्याच मुळावर उठलाय. सीसीएमपी, म्हणजे ॲलोपॅथीच्या औषधांचा कोर्स, केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये राज्यात जे रण पेटलं त्यानंतर तर कुठलंही वाक्य याच्या नाहीतर त्याच्या बाजूचं धरलं जातं. मी त्यात पडत नाही. आमच्या गावातले एक होमिओपॅथ डॉक्टर असे आहेत की लघवीची तक्रार घेऊन आलेल्याला आधी चिठ्ठी लिहितात: पोटाची सोनोग्राफी, लघवी आधी आणि नंतर. रिपोर्ट आल्याशिवाय साखरेची गोळीसुद्धा देत नाहीत, आणि शिल्लक लघवी जास्त दिसली तर सरळ मिरजेच्या युरॉलॉजिस्टकडं, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरकडं, पाठवतात. असा डॉक्टर कुठल्या पॅथीचा आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. क्लिनिकचा नंबर छापून घेणारा आणि तो यात मात्र फार अंतर आहे.

तर आपण काय छापायला हवं होतं ते सांगतो. आंतरराष्ट्रीय प्रोस्टेट लक्षण गुणांकन नावाचा सात प्रश्नांचा कागद जगभर वापरतात. गेल्या महिन्याभरात लघवी पूर्ण झाली नाही असं किती वेळा वाटलं, दोन तासांच्या आत परत जावं लागलं का, धार थांबून थांबून आली का, कळ धरवेना झाली का, धार बारीक होती का, सुरुवातीला जोर करावा लागला का, रात्री किती वेळा उठलात. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असली तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढं जास्त. हा कागद लाजणाऱ्या माणसाच्या फार उपयोगी पडतो. त्याला तोंडानं काही बोलावं लागत नाही, बायकोच्या मदतीनं आकडे लिहायचे आणि डॉक्टरपुढं ठेवायचा. माझ्या काउंटरवर मी त्याच्या मराठी झेरॉक्स ठेवतो, आणि थेंबांपेक्षा त्या लवकर संपतात.

युरोफ्लो नावाची तपासणी असते तिचीही माहिती द्या, कारण लोक तिला नाव ऐकूनच घाबरतात. त्यात काही टोचत नाहीत, घालत नाहीत. नरसाळ्यासारख्या यंत्रात नेहमीसारखी लघवी करायची, कागदावर धारेचा आलेख येतो. सर्वांत जास्त वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर पुढं तपासायला हवं. निदान १५० मिली लघवी झाली तरच तो आलेख धरायचा, म्हणून पोटभर पाणी पिऊन, कळ लागल्यावरच जायचं. त्यावरूनही मोटार कमी का पाइप अरुंद ते नक्की ठरत नाही, म्हणून जोडीला शिल्लक लघवीची सोनोग्राफी, लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन, साखर. आणि डॉक्टर म्हणाले तर पीएसए. पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच, असंही नाही. ग्रंथीच्या साध्या वाढीनं, जंतुसंसर्गानं, नुकत्या घातलेल्या नळीनंही तो वाढतो. आणि बोटानं तपासणी अर्ध्या मिनिटात होते. तिच्या भीतीनं वर्षं काढणारे लोक मी बघितलेत म्हणून मुद्दाम लिहितो.

दवाखान्यात त्याच दिवशी जायचं कधी, हे चौकटीत आणि जाड ठशात यायला हवं. लघवीची कळ आहे पण थेंबही येत नाही. लघवीतून रक्त येतंय. थंडी वाजून ताप आला आणि लघवी अडतेय. पाठीचं दुखणं आहे, पाय लुळे पडतायत, बैठकीची जागा बधिर झालीय आणि त्यातच लघवी कळेना झालीय. ओटीपोट फुगलंय, झोपेत अंथरूण ओलं होतंय. यांतल्या कशालाच बाटली नाही, कुठल्याच पॅथीची.

लिहून घ्यायचं असेल तर एका युरॉलॉजिस्टला आणि एका होमिओपॅथ डॉक्टरला शेजारी शेजारी बसवा, दोघांनाही एकाच पेशंटचा रिपोर्ट द्या आणि दोघं काय करतील ते छापा. फोन नंबर कुणाचाच नको. आपल्या लेखकाला उत्तर द्यायचं असेल तर तेही छापा, मी वाचीन. सात प्रश्नांची मराठी झेरॉक्स सोबत जोडली आहे. ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावी ही विनंती.

आपला,
एक होमिओपॅथिक औषधविक्रेता, सांगली
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)